वाचण्यातली गफलत

मोटारी धुवायच्या त्या दुकानात शिरायचं मला काही कारण नव्हतं. गाडी कालच धुतलेली होती. तरी चिंचवडच्या त्या वळणावर मी मुलाला म्हटलं, "थांबव जरा, इथलं पाणी चांगलं आहे म्हणतात." त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की म्हाताऱ्याचं आता काही खरं नाही. पण त्यानं गाडी आत घेतली.

पत्रे नवे होते, भिंती निळ्या रंगवलेल्या, आणि सगळीकडे साबणाचा फेस वाहत होता. कोबा मात्र आमच्या जुन्या शेडचाच. त्यांनी तो खणून काढायची तसदी घेतलेली नव्हती. फेस ओसरला की खालून काळा, तेल प्यायलेला कोबा दिसायचा आणि त्यात चार-चारच्या चौकोनात कापलेले बोल्ट. मशिनी उचलून नेल्या, बोल्टांची बुडखं तेवढी राहिली. मी काठी टेकत त्यांच्यामधून फिरलो. इथं ड्रिल होतं. इथं मिलिंग. आणि दाराशेजारच्या या चार बोल्टांवर कांबळ्यांचा लेथ होता. तिथं एक पोरगा एका पांढऱ्या गाडीचं चाक घासत होता. मी तिथून पटकन बाजूला झालो.

इथं येण्यामागे एक आमंत्रण होतं. आकुर्डीच्या एका व्यवस्थापनाच्या कॉलेजनं मला बोलावलंय. विषय त्यांनीच दिलाय : 'प्रभावी नेतृत्व आणि संस्थेची जडणघडण'. पत्रात लिहिलंय की आपण एका पत्र्याच्या शेडपासून कारखाना उभा केलात, तरी आपले अनुभव मुलांना सांगावेत. मी आठ दिवस कागद पुढे घेऊन बसलो होतो. पहिला मुद्दा, असं लिहून खाली रेघ मारली होती आणि त्यापुढे पेन हलत नव्हतं. म्हटलं, जागा पाहिली तर काही सुचेल. सुचलं ते भाषणाच्या कामाचं नव्हतं.

मी त्या शेडमध्ये लागलो तेव्हा हमरस्त्याच्या दोन्ही अंगांना ज्वारी उभी असायची आणि ज्वारीतूनच कारखान्यांच्या चिमण्या वर आलेल्या दिसायच्या. सकाळी मोठ्या कारखान्यांचे भोंगे एकामागून एक व्हायचे, आधी पिंपरीकडचा, मग आकुर्डीचा, मग लांबचा एक बारीक, नाकात बोलणारा. त्यावर गावातल्या बायका चुली पेटवायच्या. आमच्या शेडला भोंगा नव्हता. रुळाचा एक तुकडा दारात टांगलेला होता, त्यावर शेख मिस्त्री हातोडीनं तीन ठोके द्यायचे. मोटर सुरू व्हायची, छताखालून जाणारा लांब दांडा फिरायला लागायचा आणि त्यावरून खाली उतरलेले चामड्याचे पट्टे पटपट वाजत एकेक मशीन जागं करायचे. तो आवाज मी नंतर कुठेच ऐकला नाही. प्रत्येक मशीनला आता स्वतःची मोटर असते.

वासही गेला. धातू कापताना सोडायचं कूलंटचं दुधाळ पाणी उन्हाळ्यात आंबायचं, त्याचा एक वास. बिडाच्या भुकटीचा वास नाकातून घरापर्यंत यायचा. सुट्टी झाली की लाकडाच्या भुश्यानं आणि सोड्यानं हात घासायचे, त्याचा वास. शुक्रवारी त्यात मिस्त्रींच्या अत्तराची भर पडायची. आई म्हणायची, "आंघोळ केलीस तरी तू लोखंडाचाच लागतोस." माझं पुण्यात डिप्लोमापर्यंत शिक्षण झालेलं होतं आणि ते डोक्यात जरा जास्तच चढलेलं होतं. शेडमधला एकुलता एक पँटला इस्त्री असलेला माणूस मी. सगळे मला साहेब म्हणायचे. मिस्त्रीसुद्धा, आणि ते माझ्या वडिलांच्या वयाचे होते.

शेडचे मालक शेठ पुण्यात राहायचे, पंधरवड्यातून एकदा यायचे. शेड चालवायचे ते शेख मिस्त्री. बारीक अंगाचा, खाकी सदऱ्याचा, हळू आवाजात बोलणारा माणूस. ओरडताना मी त्यांना कधी ऐकलं नाही. पट्ट्यांच्या त्या गदारोळातही माणूस त्यांच्याजवळ जाऊन कान द्यायचा.

आणि त्यांचा पाट. दारातून आत आलं की डाव्या हाताला एक साधा जेवायचा सागवानी पाट मांडलेला असायचा. ज्याच्या हातून काम नासलं, त्यानं तो नासलेला नग स्वतःच्या हातानं त्या पाटावर ठेवायचा. लपवायचा नाही, भंगारात टाकायचा नाही. दुसऱ्या दिवशी तीन ठोके पडल्यावर, मोटर सुरू करायच्या आधी, सगळे पाटाभोवती गोल उभे राहायचे. ज्याचा नग असेल तो सांगायचा काय झालं. नियम एवढाच, की 'कोणी केलं' असं विचारायचं नाही. 'कसं झालं' असं विचारायचं. मग कोणी म्हणायचं, हत्यार बोथट झालं होतं. कोणी म्हणायचं, मिस्त्री, घरी पोरगं तापलंय, ध्यान नव्हतं. त्याला त्या दिवशी सोपं काम मिळायचं. दहा मिनिटांत विषय संपायचा आणि त्या दहा मिनिटांत मी कॉलेजात तीन वर्षांत शिकलो नव्हतो एवढं शिकायला मिळायचं.

पाटावरचा पहिला नग मिस्त्रींचा स्वतःचा होता. छत्तीस दात्यांचा गिअर करताना त्यांनी सदतीस दाते पाडले होते. तो गिअर कायम तिथंच असायचा. नवा माणूस कामाला लागला की ते तो त्याच्या हातात द्यायचे. "मोजा." तो मोजायचा, चक्रावायचा, पुन्हा मोजायचा. मिस्त्री म्हणायचे, "बला आहे, पण माझी आहे."

गिऱ्हाईक यायचं तेही आधी पाट बघायचं. मला त्याची लाज वाटायची. आपलं नासकं असं दारात मांडायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आमच्या घरचं शिक्षण. पण पंपवाला एक गिऱ्हाईक मला एकदा म्हणाला, "दुसरीकडं सगळंच झकास दाखवतात हो, मग माल घरी गेल्यावर कळतं. इथं निदान काय नासतं ते दिसतं." आणि मोठी ऑर्डर देऊन गेला. मी लागलो तेव्हा शेडमध्ये नऊ माणसं होती. बघता बघता चाळीस झाली आणि मागच्या बाभळीपर्यंत पत्रे वाढवावे लागले.

खंडेनवमीला शेड ओळखू यायची नाही. कोबा धुऊन काढलेला, मशिनींना हळदीकुंकू, झेंडूच्या माळा. नारळ शेठ फोडायचे नाहीत, ज्याचं मशीन त्यानं फोडायचा. पूजा न करणारी शेडमध्ये दोनच माणसं, शेख मिस्त्री आणि कांबळे. कांबळ्यांच्या घरी धम्म घेतल्यापासून देवपूजा नव्हती. मग ही दोघं त्या दिवशी पाटापाशी बसायची आणि रॉकेलचा बोळा घेऊन पाटावरचे सगळे नासके नग लख्ख पुसायची. शेवटी कोणीतरी येऊन त्या नगांनाही एक माळ घालून जायचं. प्रसादाचा पहिला तुकडा त्यांना नेऊन द्यायचा अशी रीत होती. कोणी पाडली ते माहीत नाही.

कांबळे आमचे पहिल्या नंबरचे टर्नर, लेथवर धातू कातणारे. माझ्याहून चार वर्षांनी मोठे. मी त्यांना 'अरे कांबळे' म्हणायचो आणि ते मला 'अहो साहेब'. त्यात मला काही वावगं वाटायचं नाही, हेही आज लिहून ठेवतो. मिस्त्री मात्र त्यांना कांबळेराव म्हणायचे.

दुपारी जेवायच्या सुट्टीत मागच्या बाभळीखाली खोकी पालथी घालून सगळे बसायचे. भाकरी, ठेचा, कोकणातल्या एकाच्या डब्यातली सुकटाची चटणी. आणि पेपर. पेपर आणायचा तापकीर, भोसरीचा, तोंडाचा पट्टा कायम चालू असलेला माणूस. वाचायचे कांबळे. चाळिसातल्या निम्म्यांना अक्षरओळख नव्हती आणि उरलेल्यांना कंटाळा. कांबळे हात धुऊन, पुसून, पेपर दोन्ही हातांनी ताठ धरून वाचायचे. एरवी बोलायचे मावळी, पण पेपर वाचताना एकही अनुस्वार गळायचा नाही. दुष्काळाची बातमी वाचली की बीडकडची माणसं घास हातात धरून ऐकायची. मग वातावरण हलकं करायला ते सिनेमाच्या जाहिराती वाचायचे, त्याही बातमीच्याच सुरात. तापकीर ओरडायचा, "कांबळे, हेलनचं परत वाच राव, नीट आइकू न्हाई आलं!" हसण्यानं बाभळीवरची चिमणी उडायची.

एकदा मी त्यांना विचारलं होतं, इतकं स्वच्छ वाचायला कुठे शिकलास. ते म्हणाले, "माझ्या बाला येक अक्षर येत नव्हतं साहेब. पर शाळा सुटली की दारात उभा ऱ्हायचा. मी भायेर येऊन पाटीवरचं वाचून दावायचं, मगच घरी. त्येला काय कळायचं? पर मी अडकलो की त्येला कळायचं." एवढं सांगून ते हसले आणि लेथकडे गेले. त्या माणसाची सगळी इस्टेट त्या वाचण्यात होती, हे मला त्या दिवशी कळलं होतं. कळलं नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

शेजारी दुसरी शेड बांधायचं ठरलं तेव्हा तिथं चार्जहँड कोण, हा प्रश्न आला. चार्जहँड म्हणजे दहा मशिनी आणि तेवढी माणसं आपल्या हाताखाली, शिवाय कोपऱ्यात स्वतःचं टेबल. मिस्त्रींनी कांबळ्यांचं नाव सुचवलं होतं आणि शेठनी मान हलवली होती. शेडला हे माहीत होतं. कांबळ्यांच्या घरीही माहीत होतं. बायकोनं हिशेबाची वही ठेवायला निळ्या कापडाची पिशवी शिवून दिली होती. तापकीर त्यांना आधीच 'टेबलवाले' म्हणायला लागला होता.

त्या सुमारास देशात इंच जाऊन मिलिमीटर आले होते, पण गिऱ्हाइकांची जुनी ड्रॉइंगं इंचातच होती. इंचाचे मिलिमीटर करून कारागिराला चिठ्ठी द्यायची हे माझं काम. शेडमध्ये ते दुसऱ्या कोणाला यायचं नाही आणि त्याचा मला तोरा होता. पंपवाल्याचे गनमेटलचे बुश करायचे होते. बुश म्हणजे पंपाच्या अंगात घट्ट ठोकून बसवायची जाड नळी. तिचा बाहेरचा व्यास यायला हवा होता साठ पॉइंट तीनशे पंचवीस मिलिमीटर. मी चिठ्ठीवर लिहिलं साठ पॉइंट दोनशे पस्तीस. त्या दिवशी माझं लक्ष कुठे होतं, ते आज आठवत नाही. पहिला नग तपासून पास करणं हेही माझंच काम होतं. कांबळे आहे ना, म्हणून मी गेलोच नाही.

फरक एका केसाचा. पण कापलेला धातू परत चिकटवता येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रींनी एक बुश उचलून पंपाच्या तुकड्यात घातला. तो ठोकावा लागायला हवा होता. तो आपसूक आत गेला आणि खुळखुळ वाजला. मिस्त्रींनी दुसरा घातला, तिसरा घातला. सव्वाशे बुश खोक्यात होते. मी तिथंच उभा होतो आणि त्या खुळखुळण्यासरशी हिशेब मला क्षणात लागला.

चिठ्ठी कांबळ्यांच्या लेथच्या आकड्याला अडकवलेली होती. अजून सगळे आले नव्हते. मी ती काढली. माझंच अक्षर, माझाच दोन, माझाच तीन. हात पुसायच्या तेलकट चिंध्यांचा डबा शेजारी होता. त्या चिंध्या जाळायला जायच्या. मी चिठ्ठीची गोळी करून डब्यात खोल खुपसली आणि त्याच चिंधीला हात पुसले.

तीन ठोके पडले. गोल जमला. कांबळ्यांनी खोक्यातला एक बुश आणून पाटावर ठेवला आणि सरळ उभे राहिले.

मिस्त्री म्हणाले, "कसं झालं, कांबळेराव?"

"साहेबांनी चिठ्ठी दिल्ती. तिच्यावर साठ पॉइंट दोनशे पस्तीस व्हतं. मी त्येवढंच ठिवलं."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. खरं म्हणजे किती सोपं होतं! 'माझ्या हातून आकडे फिरले' एवढं म्हणायचं होतं. फार तर तापकीर आठवडाभर माझी टर उडवणार. मिस्त्री मला सोपं काम देणार. त्या गोलात उभं राहून रोज कोणी ना कोणी तेच करत होतं. पण मी साहेब होतो. इंचाचे मिलिमीटर करणारा मी एकटा होतो. मी म्हणालो, "चिठ्ठीवर बरोबर होतं. वाचण्यात गफलत झाली असेल."

मग तापकीर म्हणाला, "पेपर तर रोज बरोबर वाचतोय की वो!" आणि दोघं-तिघं हसले. कांबळे हसले नाहीत. ते चिठ्ठी आणायला लेथपाशी गेले, रिकामा आकडा पाहिला, खाली वाकून पाहिलं. परत येऊन गोलात उभे राहिले. मला वाटलं आता हा माझी गचांडी धरणार. त्यांनी फक्त डोळे चोळले. एकदा, आणि थोड्या वेळानं पुन्हा एकदा.

माझं म्हणणं सगळ्यांना पटकन पटलं, याची लाज मला नंतर वाटली. तेव्हा फक्त हायसं वाटलं. डिप्लोमावाला चुकला की सातवी शिकलेला चुकला, हा प्रश्नच कोणाला पडला नाही. मिस्त्रींना पडला असेल. ते मोटर सुरू करायला लगेच गेले नाहीत. पाटापाशी उभे राहून माझ्याकडे बघत राहिले. रागानं नाही. नवा माणूस गिअरचे दाते मोजायचा तेव्हा जसे थांबायचे, तसे थांबले. मी माझ्या इस्त्रीच्या पँटवरचा डाग बघत राहिलो.

शेठ आले. नुकसान पाहून लाल झाले. त्यांनी नाव विचारलं. मिस्त्री म्हणाले, "शेठ, आपल्याकडं नाव विचारत नाही." शेठ म्हणाले, "मग नव्या शेडवर मी नाव न विचारता कोणाला बसवू?" त्यांना सांगायला माणसं होतीच. नव्या शेडमधलं टेबल मला मिळालं. त्या टेबलापासूनच माझी चढती कमान सुरू झाली, जिचा कॉलेजच्या त्या पत्रात एवढा गौरव केलाय.

त्या सकाळनंतर दुसऱ्याच दिवशी बाभळीखाली तापकीरनं पेपर नेहमीसारखा कांबळ्यांपुढे धरला. कांबळे म्हणाले, "आज दुसऱ्या कुनी वाचा." एवढंच. तिसऱ्या दिवशीही तेच म्हणाले, चौथ्याही. मग तापकीर माझ्याकडे आला. "साहेब, तुमी वाचा की." मी वाचला. जाहिरातीसुद्धा वाचल्या. कोणी हसलं नाही. चार दिवसांनी पेपर यायचा बंद झाला आणि जेवायच्या सुट्टीत फक्त चावण्याचा आवाज यायला लागला. कांबळे वर्षभर राहिले, मग पिंपरीच्या एका मोठ्या कारखान्यात गेले. जाताना माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाले, "येतो साहेब. काय चुकलंमाकलं आसंल तर..." मी म्हणालो, "नाही रे, असू दे." मीच त्यांना मोठ्या मनानं माफ केलं! हे आठवलं की अजूनही मी एकटाच मोठ्यानं काहीतरी बडबडतो. घरातल्यांना वाटतं, वय झालं.

मिस्त्री पुढे मोतीबिंदूनं थकले आणि घरी बसले. निघताना रुळावरची हातोडी माझ्या हातात दिली. म्हणाले, "पाट झाकू नका, साहेब." मी हो म्हणालो. महिन्याभरात मी एक वही आणली, तिच्यात तारीख, नग आणि नाव असे रकाने आखले. पाटावर नग ठेवला की वहीत नाव लिहायचं. मला पाटाभोवतीच्या त्या गोलात उभं राहवत नव्हतं, हे खरं कारण. शेठना सांगितलं ते वेगळं, शिस्त वगैरे. खाई त्याला खवखवे.

दीड महिन्यात पाट ओस पडला. मी शेठना ऐटीत सांगितलं की चुका थांबल्या. शेठ खूश. मग एका उन्हाळ्यात नव्या मशीनचा पाया घ्यायला मागं बाभळीपाशी खणलं. हातभर खाली कुदळ खणकन वाजली. गडी माती बाजूला करत गेले आणि खालून निघत राहिले : नासलेले शाफ्ट, तिरके पडलेले गिअर, भोकं चुकलेल्या प्लेटा. गंजून एकमेकांना चिकटलेले. माझ्या हाताखालची माणसं जेवायच्या सुट्टीत आपल्या चुका तिथं पुरत होती, आणि पुरल्यावर त्याच जागेवर बसून भाकरी खात होती. गडी माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, भंगारात टाका.

ऐंशीच्या आसपास ती शेड बंद झाली. कंपनी वाढली, नाही कशी? आज महाळुंग्याला तिचा प्लांट आहे, काचेचा, थंडगार. मी वर चढत गेलो. माझ्या खोलीत येऊन मला माझी चूक सांगणारा एकही माणूस त्या सगळ्या वर्षांत भेटला नाही. मी समजत होतो की मी चुकत नाही.

गाडी धुऊन झाली होती. मुलानं विचारलं, "आता घरी?" मी त्याला पिंपळे गुरवचा पत्ता सांगितला. पत्ता शोधावा लागला नाही. अकरा वर्षांपूर्वी कांबळ्यांच्या नातीच्या लग्नाची पत्रिका आली होती, तेव्हापासून तो मला पाठ आहे. तेव्हा मी आहेर दुसऱ्याच्या हाती पाठवला होता.

दार त्यांच्या बायकोनं उघडलं. मी कोण ते सांगितल्यावर त्या लगबगीनं म्हणाल्या, "या, या की. आवो, शेडमधलं साहेब आल्यात!" कांबळे खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. जाड काचांचा चष्मा, हात अजून टर्नरचे. उठायला लागले. मी त्यांना बसवलं. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, टीपॉयवर दवाखान्याचे कागद. ते चहाचं सांगायला लागले. मला वाटलं, चहा आला तर मी चहा पिऊन निघून जाईन. माझा मला भरवसा नव्हता. म्हणून मी बसायच्या आधीच बोललो.

"कांबळे, त्या बुशांच्या चिठ्ठीवर आकडा मी चुकीचा लिहिला होता. चिठ्ठी मीच काढून टाकली. तुम्ही बरोबर वाचलं होतं."

मी शिव्या ऐकायच्या तयारीनं आलो होतो. खरं सांगायचं तर त्या मिळाव्यात म्हणून आलो होतो. त्यांना हे ठाऊकच असणार, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. ठाऊक असून गप्प बसलेला माणूस, अशीच त्यांची मूर्ती मी मनात केली होती आणि तिचाच धाक बाळगला होता.

कांबळे खुर्चीत पुढे सरकले. मग हळू आवाजात म्हणाले, "दोनशे पस्तीसच व्हतं?"

"दोनशे पस्तीसच."

"म्हंजी मी बरोबर वाचलं व्हतं?"

मी मान हलवली.

"मला वाटलं, माझंच डोळं फिरलं," ते म्हणाले. "साहेब खोटं कशाला बोलतील? त्या दिसापास्नं मी कंचाबी कागद दुसऱ्याला दावल्याबिगर सही केली न्हाई. पोरीच्या शाळेचं पुस्तकसुदिक घ्यायचो न्हाई हातात. म्हनलं, आपुन चुकीचं सांगायचो, आन पोरगी तसंच शिकायची." ते बोलता बोलता थांबले आणि एकदम हसले. राग नव्हता हो त्यात, तिळमात्र नव्हता. लहान मुलाला व्हावा तसा आनंद त्यांना झाला होता, आणि तो मला बघवत नव्हता. "अगं, हिकडं ये. आइकलं का? मी बरोबर वाचलं व्हतं! साहेब, सांगा हिला. परत सांगा."

त्या हात पुसत बाहेर आल्या. मी त्यांना सांगितलं. त्या नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. चहा त्यांनी मला शेवटपर्यंत विचारला नाही.

सहाच्या सुमाराला त्यांची मुलगी कामावरून आली. तिचेही केस आता पिकलेत. ती दारात चपला काढत होती, तेवढ्यात कांबळे खुर्चीतून अर्धे उठले. "थांब, आदी आइक. साहेब काय सांगत्यात ते आइक."

मी उभा राहिलो आणि तिसऱ्यांदा सांगितलं.